भिशीतलं ताट आणि क्षयरोग

भिवंडीत यंत्रमाग कामगार बारा तासांची पाळी संपवून खोलीवर येतो, तेव्हा त्याच अंथरुणावरून उठून दुसरा कामावर निघतो. दोघं जेवतात एकाच भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत. फुप्फुसांत कापसाची धूळ, खोलीला जेमतेम एक खिडकी, आणि पैसे गावी पाठवायचे म्हणून पोटाला दिलेला चिमटा. क्षयाला याहून सोयीची जागा कोणती?

पोटाचा आणि क्षयाचा संबंध किती घट्ट, हे दाखवणारे ‘रेशन्स’ या भारतीय अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये 2,800 रुग्णांच्या 10,345 कुटुंबीयांचा मागोवा घेतला. ज्या घरांतल्या माणसांना तांदूळ, तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात नव्या क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं तर 48 टक्क्यांनी. ही किमया डाळभाताची आहे, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

नोव्हेंबर 2024 पासून क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी दरमहा 500 ऐवजी 1,000 रुपये मिळतात. चांगलंच झालं. पण भिवंडीतल्या कामगाराचं कुटुंब कोणतं धरायचं? बायको-मुलं शेकडो मैल दूर. त्याच्या खोकल्याची झळ लागते ती खोलीतल्या सोबत्यांना. शिधा आणि तपासणी देताना या सोबत्यांनाच त्याचे घरचे मानावं आणि भिशीच्या ताटात रोज डाळ, अंडं पोहोचेल अशी तजवीज करावी, ही महापालिकेला आणि माग मालकांना आमची आग्रहाची विनंती.