पडद्याआडची ऊब

परवा लीड्सला लेकाच्या घरी कुडकुडत बसले होते, आणि फोनवर मात्र खोलीत २१ अंश! इथे प्रत्येक रेडिएटरला स्मार्ट व्हॉल्व्ह आहे. पाहते तर पडदा त्यावर लोंबत होता. सेन्सर व्हॉल्व्हमध्येच, पडद्याआड कोंडलेली ऊब मोजून त्याने गरम पाणी अडवलं होतं. पडदा वर खोचला, तासाभरात खोली ऊबदार.

यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्याला तेवढंच कळत होतं. पहिल्या बाकाला समजलं म्हणजे वर्गाला समजलं, असं मीही कित्येक वर्षं धरून चालले होते!

असो. तो व्हॉल्व्ह हाताने फिरवूनही तापमान वाढवता येतं, हे मला नंतर कळलं. मुलांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना हे आधी दाखवा. शाल गुंडाळून तुमचं ऑफिस सुटायची वाट पाहायला लावू नका.