पाहावे, पण हात लावू नये

शाळेची सहल म्हटली की मुलांना आठवतो बसमधला दंगा आणि आईला आठवतो डबा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरही याला अपवाद नाही. मात्र फिलिप बेटावर जाणारी तेथील शाळांची सहल मुलांना दिवसभर एक अवघड गोष्ट शिकवते. ती म्हणजे, जे आवडले त्याला हात न लावणे.

हे बेट मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. सॅन रेमो गावाजवळचा पूल ओलांडला की बस बेटावर येते. सकाळचा वेळ कोआलांच्या राखीव वनासाठी. निलगिरीच्या शेंड्यांपर्यंत पोहोचणाऱ्या लाकडी पायवाटांवरून चालताना फांदीच्या बेचक्यात झोपलेला कोआला अगदी समोर दिसतो. निलगिरीच्या पानांतून शक्ती फार थोडी मिळते, म्हणून तो दिवसातले सुमारे २० तास झोपून काढतो. त्याला कुशीत घ्यावे असे कोणाला वाटणार नाही? पण व्हिक्टोरिया राज्यात पर्यटकांनी कोआलाला उचलून घेण्यास बंदी आहे. मुलांनी पाहायचे, तेही हळू आवाजात बोलत.

दुपारी समुद्र. वूलामाई किनाऱ्यावर लाटा उंच आणि पाण्याला ओढ जबरदस्त. म्हणून पाण्यात उतरण्याआधी वाळूवरच धडा दिला जातो. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचे. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करून दमून जायचे नाही. तरंगत राहायचे आणि हात उंचावून मदत मागायची. सुट्टीत कोकणात समुद्रावर जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हे घरूनच शिकवून ठेवलेले बरे.

अंधार पडू लागला की सर्वजण समरलँडच्या किनाऱ्यावर जमतात. उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात. दिवसभर समुद्रात मासे पकडणारे पेंग्विन आता बिळांकडे परतणार असतात. जगातली ही सर्वांत लहान पेंग्विनची जात. उंची जेमतेम फूटभर, वजन किलोभर. शिकारी पक्ष्यांच्या भीतीने ते अंधाराची वाट पाहतात आणि घोळक्यानेच बाहेर पडतात. चार पावले पुढे येतात, बिचकून पुन्हा पाण्यात पळतात आणि मग धीर करून वाळू ओलांडतात. येथे कॅमेरा आणि मोबाइल दोन्हींना मनाई आहे. प्रकाशाच्या झोताने ही पाखरे बुजतात.

हे दृश्य आज दिसते, ते सहज टिकलेले नाही. बेटावर एके काळी पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. त्यांतली ही एकच उरली. समरलँडला माणसांनी सुट्टीतली घरे बांधली. घरांमागोमाग रस्ते, मोटारी आणि कुत्री आली. बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांनीही पेंग्विनांचा फडशा पाडला. अखेर १९८५ मध्ये राज्य सरकारने तेथील सर्व घरे व भूखंड विकत घेण्याचे ठरवले. हे काम पुरे व्हायला २०१० साल उजाडले. घरे पाडली, रस्ते उखडले आणि त्या जागी झाडझाडोरा लावला. २०१७ मध्ये बेट कोल्हेमुक्त जाहीर झाले. आज तेथे सुमारे ४० हजार पेंग्विन आहेत.

यात विणकाम करणाऱ्या हातांचाही वाटा आहे. समुद्रात सांडलेले तेल अंगाला लागले की पेंग्विन चोचीने पिसे साफ करू लागतो आणि ते विषारी तेल त्याच्या पोटात जाते. त्याला धुऊन काढेपर्यंत हे टळावे, म्हणून लोकरीचा चिमुकला स्वेटर घालतात. २००१ मधील तेलगळतीत सापडलेल्या ४३८ पेंग्विनांपैकी ९६ टक्के असे वाचवण्यात आले.

कोणाला आपले घर सोडावे लागले, कोणी सुया घेऊन विणत बसले. मुलांच्या वाट्याला येते ते त्या मानाने अगदी सोपे. हात मागे ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. परत निघताना वाहनतळावर शेवटची सूचना वाचायला मिळते. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहा, पेंग्विन बसलेला असेल!