अंगठा राहिला

गेल्या पावसाळ्यात अणशीच्या एका कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ न्युमोनियाने अत्यवस्थ झाले आणि त्यांना घाट उतरून खाली एका मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. अशा वेळी आपल्या माणसांना एक तर कारवार गाठावे लागते, नाही तर गोव्यात बांबोळी. आणि भर पावसात ती वाट किती लांबते, हे जोयडा तालुक्यातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. निरोप मिळताच आम्ही तैलकुपी घेऊन निघालो. अतिदक्षता विभागाच्या दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच एक तरुण परिचारिका आडवी आली. "फादर, आधी हात. घड्याळ काढा, बाह्या कोपरापर्यंत वर घ्या."

खरे सांगावयाचे तर आम्हांस ते रुचले नाही. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला अभ्यंग द्यावयास आलेल्या धर्मगुरूला अडवावे, आणि तेही त्याच्या निम्म्या वयाच्या मुलीने! "आम्ही हात धुऊनच आलो आहोत," असे आम्ही काहीशा तिखटपणे म्हणालो. "होय फादर, पण मग ही दाराची मूठ कोणी धरली?" तिने शांतपणे विचारले. आम्ही निमूटपणे बाटलीतील औषध हातांस चोळले. ती पाहत होती. "अंगठा राहिला," ती म्हणाली.

वाचकहो, रुग्णाच्या कपाळावर व तळहातांवर आम्ही पवित्र तेल लावतो ते अंगठ्यानेच. इतकी वर्षे, इतक्या खाटांपाशी, हा अंगठा कसा गेला असेल, या विचाराने त्या दिवशी आमच्या प्रार्थनेत खंड पडला.

दुपारी तिला थोडी सवड मिळाली तेव्हा आम्ही तिच्यापाशी बसून चौकशी केली. तेथील सेवकवर्गाला हे शिकवितात ते केवळ व्याख्याने देऊन नव्हे. हातांना एक विशिष्ट द्रव लावावयास सांगतात, नेहमीप्रमाणे चोळू देतात, आणि मग जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली हात धरावयास लावतात. द्रव जेथे पोचला तेथे त्वचा चमकते. जेथे पोचला नाही तेथे अंधार. बहुतेकांचा अंधार अंगठ्यावर व बोटांच्या टोकांवर असतो. डॉक्टर असो की झाडूवाला, दिवा भेद करीत नाही.

एवढी दक्षता कशासाठी? ईश्वराने आपल्या देहाला त्वचेचे कुंपण घातले आहे. अतिदक्षता विभागात रुग्णाचा जीव वाचविण्यासाठीच ते कुंपण ठिकठिकाणी ओलांडावे लागते: घशातून श्वासाची नळी, मोठ्या शिरेत औषधाची नळी, मूत्राशयात लघवीची नळी. जी वाट औषधाला मोकळी, तीच जंतूंनाही मोकळी. 2004 ते 2007 या काळात भारतातील सात शहरांतील बारा अतिदक्षता विभागांत 10,835 रुग्णांची पाहणी झाली; त्यात रुग्णालयातच जडलेले 476 संसर्ग आढळले. घरून निघताना ते दुखणे या माणसांपाशी नव्हते.

हे टळू शकते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत केलेल्या कार्याचा वृत्तांत 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी पाळावयाच्या: हात धुणे, रुग्णाला व स्वतःला निर्जंतुक वस्त्रांनी पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे, आणि गरज संपताच ती काढणे. यांत नवे यंत्र एकही नाही. तरी दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी 7.7 असलेले रक्ताचे संसर्ग दीड वर्षात 1.4 वर आले. आमच्या मते खरी किल्ली निराळीच होती. तातडीचा प्रसंग नसेल आणि डॉक्टर एखादी पायरी गाळीत असतील, तर त्यांना तेथेच थांबविण्याची तेथे व्यवस्था होती. वरिष्ठांपुढे मान खाली घालण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली. अशा समाजात ही गोष्ट साबणापेक्षा कठीण. ती मुलगी आम्हांस अडवू शकली, कारण अडविल्याबद्दल तिला कोणी रागावणार नाही, याची तिला खात्री होती.

(गंभीर कारण असल्यास अभ्यंग बोटाऐवजी एखाद्या साधनाने देण्याची मुभा चर्चच्या कायद्यात आहे. आता आमच्या पिशवीत कापूस असतो.)

चौथ्या दिवशी त्या गृहस्थांच्या घशातील नळी निघाली. "आज ही नळी काढता येईल का?" असे तेथे रोज सकाळी विचारीत, असे त्यांच्या मुलाने सांगितले. बाहेर ओसरीवर मात्र अर्धा वाडा जमला होता व रुसला होता. एका वेळी एकच माणूस आत, फुले नकोत, कपाळाला हात लावणे नको. ही कसली माणुसकी, असा सूर होता. रुग्णाचे थोरले मेहुणे सर्वांत अधिक संतापले होते. शेवटी त्यांची पाळी आली. ते दाराशी उभे राहून बराच वेळ हात चोळत होते. परिचारिका काही बोलण्यापूर्वी आमच्याच तोंडून निघून गेले, "मामा, अंगठा."