रत्नपारख : भूगर्भातला हिरा, प्रयोगशाळेतला हिरा

डोळखांबच्या डोंगरांचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. बहुतेक नैसर्गिक हिरे त्याहून कितीतरी प्राचीन, १०० कोटी वर्षांपलीकडचे. भूगर्भात १५० किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली कार्बनचे स्फटिक झाले. ज्वालामुखीने ते वर आणले. प्रयोगशाळेत हिऱ्याच्याच पातळ चकतीवर मिथेनमधील कार्बनचे थर चढवून तसाच स्फटिक काही आठवड्यांत वाढवतात. तोही खरा हिराच. झिर्कोनियाच्या अमेरिकन डायमंडशी त्याचे नाते नाही. म्हणूनच उष्णतावहन तपासणारे पेढीवरचे साधे यंत्र दोन्हींना हिराच म्हणते, भेद कळतो तो विशेष उपकरणांनाच. किमतीत मात्र मोठी तफावत. सुज्ञ वाचकहो, लग्नाची अंगठी घेताना हिरा कोणता, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे. परत घेण्याचा दरही तेव्हाच विचारावा.