रांग अडवू नका



ऑगस्ट २००६ मधला तापीचा पूर तुम्ही पाहिलेला नाही, तुमच्या आईवडिलांना विचारा. उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. म्हणून पावसाळ्यात आजही आपण विचारतो, "उकाईची पातळी किती?" पूर्ण पातळी ३४५ फूट.

समजा, शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही छोटा चॅट सर्व्हर चालवता. त्याला प्लगइन जोडता : कोणी 'उकाई' लिहिले की त्याने वेबसाइटवरून पातळी आणून सांगायची. संदेश येणे ही झाली घटना, म्हणजेच इव्हेंट. त्यावर काय करायचे, हे प्लगइन ठरवतो.

चूक होते ती इथेच. प्लगइन माहिती मागवतो आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभा राहतो. नोड.जेएससारख्या प्रणालीत आपण लिहिलेला प्रोग्राम एकाच रांगेत चालतो. एक थांबला की सगळे थांबतात. एरवी अर्ध्या सेकंदाचा उशीर कळत नाही. पण पुराच्या दिवशी तीच वेबसाइट हजारो लोक उघडतात, उत्तराला मिनिटभर लागते आणि 'आजीला वरच्या मजल्यावर न्या' हा निरोपही अडकून पडतो.

आई कुकर लावून शिट्टीची वाट पाहत उभी राहत नाही. ती पोळ्या करते, शिट्टी झाली की वळते. असिंक्रोनस म्हणतात ते हेच. विनंती पाठवा, रांग मोकळी करा, उत्तर आले की पुढचे काम करा. मात्र मुदत ठेवा. दहा सेकंदांत उत्तर नाही आले तर तसे स्पष्ट सांगा. पन्नास जणांनी विचारले तरी वेबसाइटला एकदाच विचारा. आणि आकडा किती वाजताचा, तेही लिहा. शिळा आकडा ताजा म्हणून देणे हे गप्प बसण्याहून वाईट.

पालक म्हणतील, चॅट म्हणजे वेळेचा अपव्यय. माझ्या मते गप्पा मारणे वेगळे आणि गप्पांचे यंत्र बांधणे वेगळे. व्याख्या पाठ करून हे येत नाही. म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र विनंती : एक जुना संगणक मुलांच्या स्वाधीन करावा. मुलांनी मुद्दाम उशिरा उत्तर देणारे पान बनवावे आणि आपला प्लगइन त्यावर तपासावा. हे काम पावसाळ्याआधी व्हावे.