मनातील कादंबरी आणि घरातील ठेव

लेखन ही देवाने दिलेली देणगी आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु ती देणगी पुस्तकरूपाने लोकांच्या हाती पडावयाची, तर कागद, छपाई, बांधणी आणि टपालहशील ह्यांचे पैसे कोणास तरी मोजावे लागतात. प्रकाशकाने ते मोजले, तर लेखकाच्या घरी त्याची झळ पोहोचत नाही. लेखकाने स्वतः मोजावयाचे ठरविले, की तो प्रश्न थेट त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो.

असाच एक प्रश्न भोपाळ शहराच्या रायसेन मार्गावरील आनंद नगरातून एका भगिनीने आम्हांस विचारला आहे. तिचे यजमान कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झाले आहेत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आपले गाव सोडून पोटासाठी भोपाळला आलेल्या माणसांवर त्यांनी नऊ वर्षे खपून एक कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनी ती परत केली. आता एका मंडळींनी हजार प्रती छापून देण्याचे, शिवाय जाहिरात करण्याचे कबूल केले आहे. मात्र त्यासाठी मुलीच्या लग्नाकरिता ठेवलेली बँकेतील ठेव मोडावी लागणार. कादंबरी चांगली आहे, हे ती भगिनी मान्य करते. नवऱ्याला अडवावे तर त्याचे मन मोडते, न अडवावे तर मुलीचे पैसे जातात. अशा कात्रीत ती सापडली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कादंबरी लिहिणे म्हणजे रिकामपणचा उद्योग, असे आपल्या गावांतून पुष्कळदा बोलले जाते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी ह्या ख्रिस्ती लेखकाने लिहिली आणि तिच्यात विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. तेव्हा आपल्यापैकी एखादा मनुष्य आपल्या लोकांची सुखदुःखे कथारूपाने सांगू लागला, तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. स्वखर्चाने पुस्तक छापणे हाही काही कमीपणा नव्हे. ते कसे करावे, एवढाच प्रश्न आहे.

ह्या बाबतीत हरि नारायण आपटे ह्यांचे उदाहरण फार बोधप्रद आहे. त्यांनी १८९० साली पुण्यास ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक स्वतः सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही आपली कादंबरी त्यातून क्रमशः छापली. आधी जाडजूड ग्रंथ छापून मग गिऱ्हाईक शोधीत ते हिंडले नाहीत. प्रत्येक आठवड्यास एकेक प्रकरण घरोघरी जात होते आणि पुढे काय झाले, ह्याची वाट पाहणारी कुटुंबे तयार होत होती. वाचक आधी आणि ग्रंथ मागून, असा हा क्रम आहे.

कॅथोलिक लेखकांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनीही हेच केले. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात धर्मकार्यास गेले, तेव्हा लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येत ना. मग त्यांनी आपले विचार लहान लहान पत्रकांत लिहिले आणि ती दारांच्या फटींतून घरांत सरकविली. १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिजीवनावरील ग्रंथ तर एका प्रापंचिक स्त्रीला केलेल्या लेखी मार्गदर्शनातून उभा राहिला. ज्याला एका माणसासाठी मन लावून लिहिता येते, त्यालाच पुढे हजारांसाठी लिहिता येते.

आता पैशाकडे वळू. चार्ल्स डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने १८४३ साली आपली नाताळची सुप्रसिद्ध गोष्ट स्वतःच्या खर्चाने काढली. रंगीत चित्रे, उत्तम बांधणी, सोनेरी कडा, अशी सर्व हौस त्याने पुरविली. पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. तरीही हजार पौंडांची आशा धरून बसलेल्या ह्या लेखकाच्या हाती त्या आवृत्तीचे सुमारे २३० पौंडच आले. पुस्तक खपले, नफा मात्र खर्चाने खाल्ला. जगप्रसिद्ध लेखकाची ही गत, तर आनंद नगरच्या नवख्या कादंबरीकाराने किती जपून पाऊल टाकावे!

उदाहरणादाखल एक हिशोब मांडू. समजा, ३०० प्रती छापल्या आणि प्रत्येकीस १२० रुपये पडले, तर खर्च ३६,००० रुपये झाला. किंमत २०० रुपये ठेवून सर्व प्रती स्वतःच्या हातांनी विकल्या, तर १८० प्रतींतच मुद्दल परत येते. पण तीच पुस्तके विक्रेत्याकडे ठेवली आणि त्याने शेकडा ४० कापून घेतले, तर प्रत्येकी १२० रुपयेच मिळतात. मुद्दल फिटण्यासाठी तीनशेच्या तीनशे प्रती खपल्या पाहिजेत. त्यांतून चार प्रती कायद्याने द्यावयाच्या आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते, आणि स्वतः छापणारा लेखक हाच प्रकाशक होय. आणखी २६ प्रती अभिप्रायासाठी व आप्तेष्टांस गेल्या, तर उरल्या २७०. त्या सर्व विक्रेत्याकडून खपल्या, तरी ३२,४०० रुपये येतील. म्हणजे एकही प्रत पडून न राहता ३,६०० रुपयांची खोट!

येथे कोणी म्हणेल, हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते. पडते खरी. समजा, ती ८० रुपयांस पडली. पण एकंदर खर्च ८०,००० रुपये झाला. खपल्या मात्र १८०च, तर हातविक्रीनेही ३६,००० रुपयेच येणार. ४४,००० रुपये आणि ८०० हून अधिक पुस्तके घरातील खाटेखाली राहतील, आणि जाता येता लेखकाचे मन त्यांना ठेचाळेल. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभू येशूचा दृष्टान्त संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो कादंबरीकारांसही लागू आहे.

ह्यावरून आमचा सल्ला स्पष्ट आहे. मुलीची ठेव मोडू नये. ती ठेव लेखकाची नव्हे. ती विश्वासाने त्याच्याकडे राखून ठेवलेली आहे. परंतु कादंबरीही पेटीत कोंडू नये. तिचे एकेक प्रकरण रविवारच्या मिस्सानंतर चार कुटुंबांत वाचून दाखवावे. नियतकालिकांकडे एखादे प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून पाठवावे. भोपाळमधील मराठी मंडळींच्या मेळाव्यांत आणि तेथील मराठी साहित्य अकादमीच्या कार्यक्रमांस जावे, ओळखी कराव्यात. एका वहीत नावे लिहीत जावे: पुस्तक निघाल्यावर कोण प्रत घेणार, कोण आगाऊ पैसे देणार. १९७४ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीने वाचकांस एकत्र आणूनच मराठी पुस्तकांस बळ दिले. वहीत दीडशे नावे झाली, की दोनशे प्रती छापाव्यात. आता मागणी येईल तशा थोड्या प्रती छापून देण्याची सोयही झाली आहे. प्रत थोडी महाग पडते, पण ढीग साचत नाही. पुस्तकास जो आयएसबीएन क्रमांक लागतो, तो आपल्या देशात राजा राममोहन राय ह्यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर सावध व्हावे. आगाऊ रक्कम घेऊन कीर्ती आणि पारितोषिके ह्यांचे वचन देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. किती प्रती, कोणता कागद, उरलेल्या प्रती कोणाच्या आणि लेखनाचा हक्क कोणाचा, हे लेखी असल्यावाचून सही करू नये.

लेखकबंधूंसही दोन शब्द. विक्रीच्या मागे लागलेला मनुष्य लिहिणे विसरतो. दिवसातील पहिला शांत तास कागदास द्यावा. पत्रे, फोन आणि विक्री ही दुपारची कामे. छापण्यापूर्वी हस्तलिखित शुद्धलेखन जाणणाऱ्या मनुष्याकडून तपासून घ्यावे, कारण छापलेली चूक पुसता येत नाही. ज्या जिवंत माणसांवरून पात्रे घेतली, त्यांची गुपिते चव्हाट्यावर येणार नाहीत, ह्याचीही काळजी घ्यावी. प्रेमाची आज्ञा कादंबरीकारास माफ झालेली नाही. चर्चच्या आवारात पुस्तके मांडावयाची असतील, तर आधी फादरांची परवानगी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: हिशोबाची वही पत्नीजवळ द्यावी. नऊ वर्षे जिने त्यांच्या लिहिण्याला घरात जागा करून दिली, तिला खर्चाच्या वेळी बोलण्याचा हक्क आहे.

शेवटी आमच्या सर्व वाचकांस एक विनंती. आपल्यातील कोणी पुस्तक काढले, की आपण मोठ्या प्रेमाने त्याच्याकडे एक प्रत फुकट मागतो. गावच्या सुताराकडे आपण खुर्ची फुकट मागत नाही. लग्नात आपण शेकडो रुपयांचा आहेर करतो, तर एका घराने वर्षातून एक मराठी पुस्तक विकत घेणे अवघड नाही. नाताळच्या करंज्यांबरोबर नातलगांस एखादे पुस्तक द्यावे. अशी दीडशे घरे मिळाली, तर कोणाही आईला मुलीच्या लग्नाची ठेव आणि नवऱ्याची कादंबरी ह्यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.