विश्लेषण : ‘नैसर्गिक’ रेड यीस्ट राइस किती सुरक्षित?

रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते, डॉक्टर गोळी लिहून देतात. पण ‘एकदा सुरू केली की कायमची’ या धास्तीने अनेक जण मोबाइलवर ‘नैसर्गिक’ पर्याय शोधू लागतात. तिथे ‘रेड यीस्ट राइस’ हे नाव हमखास समोर येते. चीनच्या पारंपरिक औषधांतला हा पदार्थ आज कॅप्सूलच्या रूपात जगभर विकला जातो. मात्र २०२४ मध्ये जपानमध्ये याच पदार्थाच्या गोळ्यांनी अनेकांना रुग्णालयात पोहोचवले. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज तपासून पाहणे गरजेचे आहे.

रेड यीस्ट राइस म्हणजे काय?

शिजवलेल्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवली की दाणे गडद लाल होतात. चीनमध्ये याला ‘होंग छू’, तर जपानमध्ये ‘बेनी-कोजी’ म्हणतात. खाद्यपदार्थांना रंग आणण्यासाठी, मद्य तयार करण्यासाठी आणि पचन व रक्ताभिसरणाच्या तक्रारींवर औषध म्हणून चीनमध्ये तो शतकानुशतके वापरात आहे. ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेनछाओ गांगमू’ या औषधकोशातही त्याचा उल्लेख आहे. कोकण-गोव्यातील लाल उकड्या तांदळाशी याचा काहीही संबंध नाही. त्या तांदळाचा लाल रंग दाण्यावरच्या कोंड्याचा असतो, बुरशीचा नव्हे.

त्याने कोलेस्टेरॉल खरेच कमी होते का?

होते, आणि खरी मेख तिथेच आहे. ही बुरशी ‘मोनाकोलिन के’ नावाचे रसायन तयार करते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये ते मोनॅस्कस बुरशीतून वेगळे केले. हेच रसायन ‘लोव्हास्टॅटिन’ या नावाने औषध म्हणून ओळखले जाते. अमेरिकेने १९८७ मध्ये त्याला मंजुरी दिली. म्हणजे स्टॅटिनची गोळी टाळण्यासाठी ही कॅप्सूल घेणारी व्यक्ती प्रत्यक्षात स्टॅटिनच घेत असते. फरक एवढाच की, औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे पाकिटावर छापलेले असते, इथे बहुधा नसते. अमेरिकेतील २८ ब्रँडच्या २०१७ मधील तपासणीत दोन उत्पादनांत मोनाकोलिन के आढळलेच नाही. उरलेल्यांमध्ये त्याची रोजची मात्रा ०.०९ ते १०.९४ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपटीहून अधिक फरकाची होती.

जपानमध्ये काय घडले?

ओसाका येथील कोबायाशी फार्मास्युटिकल या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बेनी-कोजीयुक्त गोळ्या बाजारातून परत मागवल्या. त्या घेणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार होत असल्याच्या तक्रारी जानेवारीतच कंपनीकडे आल्या होत्या. मार्चअखेर पाच मृत्यूंशी या गोळ्यांचा संबंध असल्याचा संशय होता. तपासात ‘प्युबेरुलिक आम्ल’ हे विषारी रसायन सापडले. उत्पादनादरम्यान शिरलेल्या निळ्या बुरशीतून ते तयार झाले होते. म्हणजे दोष पारंपरिक पदार्थाचा नव्हता, कारखान्यातील स्वच्छतेचा आणि देखरेखीचा होता. जपानमध्ये अशी उत्पादने सरकारी मंजुरीविना, केवळ पूर्वसूचना देऊन विकता येतात. या प्रकरणानंतर दुष्परिणाम कळवणे कंपन्यांना बंधनकारक करण्यात आले.

इतर देशांची भूमिका काय?

सुरक्षित मात्रा निश्चित करता येत नाही, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघाने दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा घालून पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मते, नाममात्र प्रमाणापेक्षा अधिक मोनाकोलिन के असलेले उत्पादन हे पूरक आहार नसून मंजुरी नसलेले औषध ठरते. साहजिकच कंपन्यांच्या दृष्टीने प्रमाण न छापणेच सोयीचे. त्याची जोखीम मात्र ग्राहकाच्या माथी येते.

कोणी टाळावे?

गर्भवती, स्तनपान करणाऱ्या माता, १८ वर्षांखालील मुले, ७० वर्षांवरील व्यक्ती आणि यकृत वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही कॅप्सूल घेऊ नये. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारखी गोळी सुरू असताना सोबत ही घेतली, तर एकाच प्रकारचे औषध दोनदा पोटात जाते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, इट्राकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे आणि ग्रेपफ्रूटचा रस यांमुळे रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

आधीच घेत असाल तर?

पहिली गोष्ट, डॉक्टरांपासून लपवू नका. ‘कोणती औषधे सुरू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात पूरक गोळ्याही सांगा. शक्य असेल तर बाटलीच सोबत न्या. यकृत व मूत्रपिंडाची तपासणी करावी का, हे त्यांना विचारा. लेबलवर मोनाकोलिन केचे प्रमाण आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, ते पाहा. ‘सिट्रिनिन-मुक्त’ असा उल्लेखही महत्त्वाचा आहे, कारण सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक बुरशीजन्य विष आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका. जपानमधील विष वेगळेच होते.

स्नायूंत विनाकारण दुखणे वा अशक्तपणा, गडद रंगाची लघवी, फेसाळ लघवी, पायावर सूज किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास कॅप्सूल थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या नि:शुल्क क्रमांकावर देता येते.

स्टॅटिनची भीती वाटत असेल, तर ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवावी. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. काहींच्या बाबतीत आधी आहार आणि व्यायामावर भर देता येतो. त्यातली प्रत्येक गोष्ट मोजूनमापून होते. मात्रा माहीत नसलेल्या कॅप्सूलबाबत ते शक्य नसते.